दोघांनाही ‘बरोबर’ म्हणणारा

ताई,

तुझं चॅटबॉटशी झालेलं सगळं बोलणं मी वाचलं.

म्हणजे, अधिकृतपणे मी काहीही वाचलेलं नाही. आपलं दोघांत एकच खातं, म्हणून ते समोर आलं आणि डोळे मिटायला जरा उशीर झाला. मी त्याच्याकडे तुझी गाऱ्हाणी गात होतो, तू माझी. त्याने दोघांनाही सांगितलं, ‘तुझं अगदी बरोबर आहे.’ इथपर्यंत मी हसलो.

मग तू लिहिलंस, ‘मी नसले तरी घरात कुणाला फरक पडणार नाही.’ त्यावरही तो म्हणतो, ‘तुझी भावना अगदी योग्य आहे.’

साफ चूक. मला पडतो. आपला गीझर फक्त तुझीच लाथ ओळखतो. आणि माझ्या विनोदावर तुझ्यासारखं ‘गप रे माकडा’ म्हण, असं मी त्याला सांगून पाहिलं. तो माफी मागत बसला.

आई उठलीय, तिच्याजवळ बस. मी बेकरीतून दुपारीच येतो. डॉक्टरबाईंकडे जाऊ. तू बोल, मी बाहेर बसतो. मध्येच काही वाटलं तर फोन कर, पिठाच्या हाताने उचलेन.

सबब, सदर यंत्रास धाकट्या भावाच्या पदावरून कार्यमुक्त करून अर्जदारास पूर्ववत रुजू करून घ्यावे, तसेच सकाळी बाथरूमचा पहिला नंबर त्यास तहहयात मंजूर व्हावा, ही नम्र विनंती.

माकड