सहाव्या होलजवळचा बांबू

बोरिवली. बुधवार संध्याकाळ, अमावस्येला तीन दिवस.

आज वांद्र्याच्या ऑफिसातून आलेल्या आर्किटेक्ट साहेबांना तोंडावर सांगून टाकलं, की या नव्या गोल्फ कोर्सचा सहावा होल चुकलाय. मला गोल्फ खेळता येत नाही, मान्य. पण तिथलं लॉन मी सांभाळते. आणि खाडी? तिच्या काठावर जन्म गेला माझा.

अख्ख्या मैदानातला सगळ्यात सखल कोपरा शोधून तिथेच यांनी सगळ्यात नाजूक गवत लावलंय. का, तर खेळणाऱ्यांना खाडीचा व्ह्यू मिळावा. अरे, पण अमावस्येच्या उधाणाला खाडीच तुम्हाला बघायला येते, त्याचं काय? खारं पाणी एकदा मुळाशी मुरलं की गवताची वाट लागली.

म्हणून बाबा खाडीत जाळं बांधायला वापरायचे तो जुना बांबू मी तिथे रोवला. पाणी जिथवर चढेल तिथे लाल चिंधी बांधली. गुडघ्याएवढ्या उंचीवर. साहेब हसले. "मॅडम, ड्रॉइंगमध्ये सगळ्या लेव्हल चेक केल्यात. शनिवारी मालक येतायत, त्याआधी तो बांबू काढा."

शनिवारी! म्हणजे अमावस्येलाच.

"नाही काढणार," म्हटलं. आवाज जरा चढलाच. नोकरी जाईल का? जाऊ दे ना.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, ओरडतील. ते जाळं शिवत बसले होते. मान वर न करताच म्हणाले, "बांबू किती खोल रोवलास गं?"

"हातभर."

"उधाणाला उपटेल. दोन हात तरी रोव."

उद्या घण घेऊन जाते.