वारा न लागलेलं मटण

१२ जानेवारी

आईने आजही वाटी ढकलली. गाजर, बटाटा, मासा — सगळं वाटून एकाच रंगाचा लगदा. मी चमचा तोंडापाशी नेला, तिने ओठ घट्ट मिटले. म्हटलं, "आई, खा. मला कामावर जायचंय." तर म्हणते कशी, "मग जा की." अर्धांगाच्या झटक्याने अर्धं तोंड वाकडं झालंय, शब्द जड येतात, पण टोमणा बरोबर जागेवर बसतो.

पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट केलेलं. "हे प्यायचं की चावायचं?" असं तुम्मासला विचारत होती. तो म्हातारा खदखदून हसला. सकाळचे अकरा, आणि हा पायजम्यात बसून लापशी ढवळतोय! पूर्वी या वृद्धाश्रमात आठच्या आत सगळे न्हाऊनधुऊन तयार असायचे. आता म्हणे हे 'घर' आहे. आठ म्हातारे, एक स्वयंपाकघर, वाटेल तेव्हा उठा. नर्सांना गणवेशही नाही. कामाला आलेली कोण, भेटायला आलेली कोण, काही पत्ता लागत नाही.

१५ जानेवारी

ब्यार्ताने दारातच गाठलं. या घराचं सगळं तीच बघते. तिची आई आणि आमची आई एकाच धक्क्यावर मासे खारवायच्या, म्हणून ती आईला मावशी म्हणते.

"मार्युनताई, मावशीला काय खायचंय ते तिने सांगितलंय."

"काय?"

"वाळवलेलं मटण. तुमच्या खोपीत टांगलेलं."

मी हसले. ती हसत नव्हती.

म्हटलं, वेडी झालीस का? गिळताना तिचा घास श्वासनळीत जातो. डॉक्टरने तुझ्यासमोर सांगितलं. आणि ते मटण! माझे दात दुखतात चावताना!

"तिला सगळं समजावलंय. कळलंय तिला. तरी हवंय म्हणते."

"मग नाही म्हण!"

"तिचं घर आहे, ताई. माझं नाही. तुझंही नाही."

दार आपटून निघाले. आपटलंसुद्धा नाही धड — ते हळूच मिटणारं दार आहे मेलं.

१६ जानेवारी

नाही म्हणजे नाही.

२० जानेवारी

खोपीत जाऊन आले. तंगड्या लटकताहेत ओळीने. वरून पांढुरकी बुरशी आलीय, येते तशी. वास नाकात चढतो. अजून एकही कापली नाही. कापून खायचं कुणाबरोबर?

दरवर्षी आम्ही दोघी टांगायचो. मी शिडीवर, ती खाली उभी राहून — "डावीकडे घे, एकमेकीला चिकटवू नकोस, डोळे आहेत ना?" या ऑक्टोबरात मेंढ्या कापल्या आणि त्याच आठवड्यात ती पडली. मटण थोडंच थांबतं? एकटीने टांगलं. वादळं तर अशी, एक गेलं की दुसरं. वाऱ्यावर मटण वाळावं म्हणून ठेवलेल्या फळ्यांच्या फटींतून लाटांचे शिंतोडे आत यायला लागले, म्हणून दर्याकडच्या बाजूला पत्रा ठोकला. भिजून वाया जायला नको.

संध्याकाळी हानुसचा फोन, कोपनहेगनहून. माझा धाकटा भाऊ. "तिला मुळीच देऊ नकोस हं, काही झालं तर?" दोन मिनिटं माझं डोकं खाल्लं. आणि ठेवता ठेवता — "मला एक तंगडी पाठव ना." फोन फेकणार होते!

२४ जानेवारी

आईचा घागरा कमरेवर राहत नाही. सेफ्टीपिन लावली. लगदा तसाच परत जातो.

ब्यार्ताला म्हटलं, नळी घाला नाकातून. ती म्हणाली, "तेही विचारलं. नको म्हणाली." सगळं विचारतात! माणूस वाळून चाललंय आणि यांचं आपलं विचारणं!

मग हळूच म्हणाली, "मलाही भीती वाटते, ताई. पण ती खाईल तेव्हा मी शेजारी बसेन."

भीती वाटते तर करते कशाला? कळत नाही मला ही बाई.

२८ जानेवारी

आई चार दिवसांनी बोलली. "तू मला वाढवलंस की मी तुला?"

उत्तराची वाट पाहिली नाही. भिंतीकडे वळली.

कारखान्यात आज मासे कापताना सुरी हातमोज्यातून आरपार गेली. बोट वाचलं. मुकादम ओरडला, मार्युन, लक्ष कुठाय!

३ फेब्रुवारी

नेलं.

तंगडी कापडात गुंडाळून नेली, तरी वास आधी पोचला. तुम्मास काठी टेकत हजर. "कोण मेलंय?" म्हणाला, आणि लगेच खुर्ची ओढून, "एक काप इकडे दे, पोरी." एक म्हातारी नाक दाबून खोलीत गेली, दुसरी खोलीतून बाहेर आली. एवढी माणसं त्या टेबलाशी मी कधी बघितली नव्हती.

आई ताठ बसली होती. केस विंचरलेले. ब्यार्ता शेजारी. मी सुरी दाबून फिरवली, काप जाडच निघाला. आईने बोटांनी उचलला, उजेडात धरला, हुंगला. मग तोंडात.

किती वेळ चावत होती! खोकली. मी ताडकन उठले. तिने हात वर केला — बस. मी बसले. गिळलं तिने. डोळ्यांत पाणी, पण गिळलं.

मग माझ्याकडे बघून, "वारा लागला नाही."

"काय?"

"दर्याकडची बाजू बंद केलीस ना?"

मी कुणाला सांगितलं नव्हतं! म्हटलं, आई, वादळ होतं, खराब झालं असतं सगळं.

"झालं असतं तर झालं असतं. कोंडून ठेवलंस, म्हणून आंबलंय."

आंबलंय म्हणाली आणि दुसरा काप उचलला!

घरी येईपर्यंत संतापले होते. एवढ्यासाठी उपाशी राहिली ही? मला वाटलं हिला चव हवीय. हिला माझं काम तपासायचं होतं. ती नसताना मी कसं टांगलं ते.

भांडी घासताना हसू आलं. काय बाई आहे!

६ फेब्रुवारी

ताप. छाती घरघरतेय.

७ फेब्रुवारी

ब्यार्ताला नको नको ते बोलले. "मारलंत तिला! तुमच्या त्या विचारण्याने मारलंत!" सगळ्यांसमोर. ती उभी राहून ऐकत होती. तिचेही डोळे लाल. ते बघून मी आणखी ओरडले.

काप मीच कापला होता. जाड.

९ फेब्रुवारी

ताप आहेच. ब्यार्ता रजेचा दिवस असून आली. कॉफीचे दोन कप आणले. आम्ही प्यायलो.

१३ फेब्रुवारी

उतरला! डोळे उघडल्याबरोबर आईने विचारलं, "पत्रा काढलास?"

१४ फेब्रुवारी

काढला. खिळे गंजून बसले होते, कटावणीने उचकटावे लागले. शेवटचा खिळा निघाला आणि वाऱ्याने पत्रा हातातून हिसकावून गवतात फेकला. टोपी तर गेलीच. तंगड्या हलायला लागल्या.

१७ फेब्रुवारी

डॉक्टर आले. पलंगाच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी, मधे आई. तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलत होते. परत असलं काही खाल्लं तर परत छातीत उतरेल, पुढच्या वेळी निभावेल असं नाही, तर आपण काय ठरवायचं?

मी म्हटलं, "मला काय विचारता? ती काय झोपलीय?"

ब्यार्ता खिडकीशी होती. वळून बघितलं तिने.

त्यांनी मग आईला सांगितलं. सावकाश, सगळं. आई म्हणाली, "उद्या सांगते."

१८ फेब्रुवारी

मीच विचारलं. "आई, तुला काय हवंय?" आणि गप्प बसले. जमलं कसंबसं.

"काप पातळ कर," म्हणाली.

सुरीला धार लावतेय.