टोपाचा कान

आई, तुझा मोठा टोप आता माझ्याकडे आहे. म्हणजे तो तुझा कधीच नव्हता, महिला मंडळाचा होता, पण गावात त्याला अजून काकींचा, म्हणजे तुझाच, टोप म्हणतात आणि मंडळातल्या बायकांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. नोकरी संपवून मी माणगावहून घरी राहायला आले, तेव्हा मंडळाची भांडी पुन्हा आपल्या मागच्या पडवीत आली. तू गेल्यानंतर इतकी वर्षं ती शाळेच्या एका खोलीत पडून होती. पराती आल्या, कढया आल्या, झारे आले आणि सगळ्यांत शेवटी तो आला, दोन माणसांच्या कवेत मावेल एवढा, ॲल्युमिनियमचा, बाहेरून काळाकुट्ट. त्याचा एक कान लोंबत होता. कोणता कान ते तुला सांगायला नकोच, पण सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही.

मी नववीत आहे. अंगणात धाकट्या काकाच्या लग्नाचा मांडव आहे, चुलीवर भात रटरटतोय, पंगत बसलीय आणि पेज गाळायला टोप कलता करायचाय. पुरुष मंडळी वरातीच्या गोंधळात आहेत. कोणीतरी म्हणतं, थांबा, माणसं येऊ देत. तुला थांबणं कुठे माहीत होतं? माहेरी मिठागरावर वाढलेली तू. "मिठाच्या पाट्या वाहिल्यात मी, ह्यो काय टोप हाय!" म्हणून तू एक कान धरतेस आणि शेजारच्या काकूला दुसरा धरायला लावतेस. मी जवळ झाकण घेऊन उभी आहे. टोप चुलीवरून सुटतो, वीतभर वर येतो आणि तुझ्या बाजूचा कान नुसताच तुझ्या हातात राहतो. उकळती पेज तुझ्या डाव्या पावलावर. तू ओरडत नाहीस. हातातल्या कानाकडे बघून म्हणतेस, "मेल्या, आताच जायचं व्हतं तुला?" मग पायरीवर बसून, पाय पाण्याच्या बादलीत घालून, वाढणाऱ्यांना हुकूम सोडत राहतेस, आमटी तिकडे न्या, तिकडची पानं रिकामी आहेत.

ही गोष्ट गावाने पुढे किती वर्षं हसून सांगितली. मीही सांगितली. त्या पावसाळ्यात तू लावणीला उतरू शकली नाहीस, बांधावर पायाला फडकं गुंडाळून बसायचीस आणि तिथूनच सगळ्यांवर ओरडायचीस. पण रोज संध्याकाळी ते फडकं मी सोडवत असे. चिकटलेलं कापड पाणी लावून लावून काढायचं, आणि तेवढा वेळ तू माझा खांदा धरायचीस. तुझ्या बोटांचे वळ माझ्या खांद्यावर उठायचे. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते मी कोणाला सांगितलं नाही.

बाजारातल्या माणसाने तेव्हा तो कान दोन लोखंडी खिळे ठोकून बसवून दिला. इथल्या खाऱ्या हवेत लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना खातात, हे तेव्हा कोणाच्या गावी नव्हतं. आता शाळेतून टोप परत आला तेव्हा खिळ्यांभोवती पांढरी भुकटी धरली होती आणि भोकं बोराएवढी झाली होती. मंडळाच्या बैठकीत ठरत आलं होतं, भंगारात द्यावा, हल्ली मांडववाले भांडी आणतातच. आणि मी, सगळा जन्म कचेरीत कागद खालीवर केलेली बाई, उभी राहून म्हणाले, "मी जोडून देते." का म्हणाले? मुलगी नोकरीला लागली की लोकांच्या आया साडी घेतात, तू मला अलिबागहून एक टेस्टर आणून दिला होतास, कारण घरातला फ्यूज मीच बांधायची. तेव्हापासून मला उगीचच वाटत आलंय की मला असलं सगळं येतं.

वेल्डिंगचं यंत्र घ्यायला अलिबागला गेले तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, हे बाईमाणसाचं काम नाय. मिस्टरांना घेऊन या." मिस्टर नाहीत म्हटलं, तर म्हणाला, भावाला आणा. माझ्या भावाला घरातला पंखा पुसता येत नाही हे तुला माहीत आहे. शेवटी त्याने यंत्र दिलं, आर्गॉन गॅसचा सिलिंडर दिला, तोंडावर घालायची काळी काच दिली आणि वर म्हणाला, "ॲल्युमिनियम नाटकी असतं, आधी लोखंडावर शिका." ऐकायला हवं होतं. पण थांबणं मला तरी कुठे येतं, असं त्या दिवशी वाटलं आणि थोडा अभिमानही वाटला. एरवी तू मला उलटंच बोलायचीस. मी भाजीत मीठ घालताना चमचा सपाट करून बघायची, तर म्हणायचीस, "मोजीत बस तू. तवर लोकं जेवून घरी जातील."

शिकले ती मोबाइलवरचे व्हिडिओ बघून. त्यातला माणूस करंजीला मुरड घालावी तसा सुबक जोड घालतो आणि म्हणतो, सोपं आहे. माझ्याकडे पहिल्या दिवशी नुसता फटफट आवाज, धूर आणि काजळीचा गोळा. दुसऱ्या दिवशी तेच. मग लक्षात आलं, यंत्रावरचा खटका भलत्याच, लोखंडाच्या खुणेवर आहे. खटका बदलला, तरी काजळी. वैशाखातला उकाडा, म्हणून मी शेजारी टेबलफॅन लावून बसत होते. या कामात हातातल्या नळीतून, तिला टॉर्च म्हणतात, जो गॅस येतो तो जोडावर पांघरुणासारखा बसतो आणि हवा लागू देत नाही. माझा पंखा ते पांघरूण उडवून देत होता, आणि सिलिंडर परसातल्या माडांना गॅस पाजत रिकामा होत होता. पंखा बंद केला तेव्हा जोड लागायला लागला, पण घाम डोळ्यांत जाऊन मला तो दिसेना.

मग आणखी एक शिकले. लोखंड तापलं की लाल होतं, तुझा उलथना चुलीत राहिला की व्हायचा तसं. आपल्याला कळतं, आता हात लावू नये. ॲल्युमिनियम लाल होतच नाही. मी जुन्या झाकणाचा तुकडा धरून तो लाल व्हायची वाट बघत बसले, आणि तो काही न सांगता मधूनच गळून खाली पडला तो माझ्या चपलेवर. रबरी चप्पल होती. तिला आरपार भोक पडलं, पाऊल थोडक्यात वाचलं. मी बराच वेळ त्या पावलाकडे बघत बसले होते. दुसऱ्या दिवशी बूट आणले.

बाकीच्या फजित्या हसण्यावारी नेता येतील. बिनकॉलरचा कुर्ता घालून काम केलं, तर यंत्राच्या लखलखाटाने गळा आणि छाती अशी भाजून निघाली की भाजीवालीने विचारलं, अजून शेतात राबता का? एकदा काच वर करून, एवढंच एकदा बघू, म्हणून उघड्या डोळ्यांनी बघितलं आणि संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं. डॉक्टर ओरडले ते वेगळं. घरी शेजारच्या वहिनीने डोळ्यांवर बटाट्याचे काप ठेवले आणि म्हणाली, "डोळे घालवून बसाल ताई, मंग कोनाचा कान आन कोनाचा टोप." ही वहिनी म्हणजे शेजारच्या काकूची सून. तू तिला नवी नवरी म्हणून बघितलंस, आता तिची लेक लग्नाची झाली. मी यंत्र सुरू केलं की तिच्या घरातले दिवे मंद व्हायचे. एकदा तणतणत मागच्या दारी आली. "अवो ताई, त्या सुनेला घराभाईर काढनार व्हते, तेवढ्यात टीव्ही गेला. काढली का न्हाय ते आता मला कोन सांगल?" मग आमचं ठरलं, ती दुपारी आडवी झाली की मी काम करायचं.

टोप घासायलाच किती दिवस गेले. चिंच, राख, मग तारेचा ब्रश. काळ्याखालून पांढरा निघाला तेव्हा मला तो ओळखू येईना. पहिल्यांदा त्याला आच लागली तेव्हा धातूत मुरलेलं जुनं तेल जळालं आणि वास आला. तुझ्या फोडणीची आठवण झाली, असं लिहायचं मनात होतं. पण खरं सांगायचं तर करपल्याचा वास होता, आणि तुझ्या हातची भाजीही महिन्यातून दोनदा तरी करपायचीच. मोठं भांडं उष्णता पिऊन टाकतं, बराच वेळ काही वितळत नाही आणि मग एकदम सगळंच वितळतं. बोराएवढं भोक लिंबाएवढं झालं. त्या दिवशी मी टोपाला शिव्या दिल्या, तुझ्याच शब्दांत. मग जुन्या झाकणाचं ठिगळ कापलं, ते बसवलं, त्यावर कान बसवला. जोड लागला. लहान पोरीने पहिल्यांदा केलेल्या करंजीसारखा, जाड, वेडावाकडा, पण लागला.

तुळईला दोर बांधून टोप त्याच कानावर टांगला आणि आत तांदळाच्या गोणी ठेवल्या. दिवसभर लटकला, काही झालं नाही. वहिनी म्हणाली, "मी पन बसू काय आत? मंग तरी तुमची खात्री हुईल." आणि लगेच पुढे, "माझ्या लेकीच्या हळदीला ह्योच टोप पायजे. काकींचा." मी म्हटलं, मांडववाल्याकडचा आण, माझ्या कामाचा भरवसा नाही. तर म्हणाली, "तुमच्या हातावर इश्वास हाय माझा." त्या विश्वासानेच माझी पाचावर धारण बसली. गोणीतला गार तांदूळ वेगळा आणि चुलीवरचा उकळता भात वेगळा. आच लागून लागून जोड कसा वागेल हे कोणत्याही व्हिडिओत मला मिळालं नाही. हळदीपर्यंत मी रोज त्या कानावर बोट फिरवून बघत होते. चीर आहे असं वाटायचं, मग नाही असं वाटायचं.

हळदीच्या दिवशी वहिनीच्या अंगणात चूल मांडली. बँजो वाजतोय, पोरी पिवळ्याधमक झाल्यात, टोपात भात रटरटतोय. मी चुलीपासून हलले नाही. नवरीचा मामा डोक्याला टॉवेल बांधून आला, बरोबर त्याचा एक मित्र, दोघांच्या हातात कान धरायला फडकी. "चला, पेज गाळून टाकू." मी खाली बघितलं. दोघेही अनवाणी. हळदीच्या मांडवात पायात कोण घालतं? मामाने नेमका तोच कान धरला.

"थांबा!" मी एवढ्याने ओरडले की बँजोवाल्याचाही ठेका चुकला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा जोड कच्चा असेल, असं म्हणायचं होतं गं. वहिनी समोर उभी होती, तिच्या लेकीची हळद होती, ते तोंडातून निघेना. आणि मी म्हणाले, "आईचा नियम आहे. हा टोप भरलेला असताना चुलीवरून हलवायचा नाही. भात झाऱ्याने उपसून टोपल्यांत काढायचा."

मामाने कान सोडला. "काकींचा नियम?"

"हो."

"मंग तसंच करू," म्हणाला आणि झारे शोधायला गेला. एवढंच. कोणी वाद घातला नाही, कोणी का म्हणून विचारलं नाही. भात टोपल्यांत काढला, पेज खाली निथळली, पंगत थोडी उशिरा बसली. कोपऱ्यात खुर्चीवर शेजारची काकू बसली होती, तुझ्याबरोबर दुसरा कान धरणारी. आता कमरेतून वाकली आहे, पण आवाज तसाच. ती बाजूच्या बाईला सांगत होती, "व्हय तर, कोनाला हात लावू देत नसं ती टोपाला. मला एकदा केवढी वरडलेली!" ती अगदी मनापासून सांगत होती.

तेव्हापासून तो तुझा नियम झाला आहे. टोप न्यायला जो येतो त्याला मंडळाच्या बायका मी सांगायच्या आधीच बजावतात. अजून कोणी तो भरलेला उचललेला नाही, त्यामुळे माझा जोड कसा आहे ते मला माहीत नाही आणि बहुतेक कधी कळणारही नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, लिहून झालं की चुलीत जाईल. पण त्याआधी कबूल करते. तू असं कधीही म्हणाली नव्हतीस, आणि म्हणाली असतीस तर सगळ्यांत आधी तूच ते मोडलं असतंस. त्या दिवशी मांडवात कोणी कितीही ओरडलं असतं तरी तू थांबली नसतीस. गाव मात्र तुझं ऐकतं, म्हणून मी ते तुझ्या तोंडी घातलं. पुढच्या लग्नातही हेच सांगणार आहे.