कुऱ्हाडवाली कशी गेली

ता. ४ मार्च

चि. धाकटीस,

अ. उ. आ. इकडे सगळं ठीक. दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींचा ढीग छताला टेकलाय, आणि नवी मुकादमीण मला इस्त्री शिकवते. मला! बावीस वर्षं झाली मला.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, चालवून घे. तुझा नवरा म्हणाला, तू व्यायामाचा चेंडू हातात धरत नाहीस, भिंतीकडे तोंड करून पडून असतेस. अगं, एकतीस तारखेला कारखान्यात कापडाचे बारा थर मोठ्या कात्रीने कापून दाखवायचेत ना? तुझी जागा त्यांनी तोवरच धरून ठेवलीय. यंत्रात बोटं चिरडली ती चिरडली, आता ती वळवायची की नाही?

कॉम्प्युटरमधली ती बाहुली गेली तर गेली. वीज गेली आणि ती पुसली गेली, त्याला कोण काय करणार? पाच महिने त्या खेळात झाडं तोडलीस, सरपण किती आलं घरात? ऊठ आता.

उत्तर दे. माझ्यावर लोभ आहे म्हणतेस ना, मग हात हलव.

तुझी ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. हे उजव्या हाताने लिहिलंय, तीन दिवस लागले. ओळी डोंगर चढतात, हसू नकोस.

सरपणाचं विचारलंस म्हणून सांगते. चेंडू शंभरदा दाबला तरी चेंडूच राहतो. खेळात झाड तोडलं की बाहुलीचा हात सुधारल्याचा आकडा वर जातो, डोळ्यांना दिसतो. आधी मीही एकदम शंभराव्या पातळीला हात घातला आणि चौथ्या दिवशी कंटाळले. मग जवळचं ठरवलं, की फक्त पुढची कुऱ्हाड पेलता आली पाहिजे. ती आली की तिच्या पुढची. रोज वीस झाडं, बटण दाबायचं ते चिरडलेल्या बोटांनीच, आणि अजून एक तोडावंसं वाटत असतानाच उठायचं. लाकडाचा वीट आला की नदीवर मासे. व्यायामाच्या बाईंनी बोटं किती वळतात ते मोजलं आणि म्हणाल्या, काय करता ते सोडू नका. माझी कुऱ्हाडवाली चौसष्टाव्या पातळीला होती, ताई. पासष्टला पोलादी कुऱ्हाड मिळायची होती.

शेवटी परवा खेळवाल्यांना लिहिलं. ते म्हणतात, विजेचा काही संबंध नाही. कुणीतरी लाल बटण दाबून, चौकटीत तिचं नाव एकेक अक्षर लिहून तिला पुसलंय. तीस दिवसांत कळवलं असतं तर परत आणून दिली असती. आज चौतिसावा दिवस. विजेने गेलं, विचारून उपयोग नाही असं तू म्हणालीस म्हणून मी विचारलंच नाही गं.

तेव्हा तू माझं करायला इथे आली होतीस, घरात आपण तिघंच. नवऱ्याला विचारलं, तो नाही म्हणाला, मी त्याला खोटारडा म्हटलं. तेव्हापासून अबोला आहे. तो तसाच माझी वेणी घालून देतो आणि कामावर जातो.

तुझा लोभ आहेच, तो कळतो.

धाकटी

ता. १४ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. आधी त्याच्याशी बोल. पत्र खाली ठेव, जा, बोल, मग पुढचं वाच.

मी पुसली.

तूच एकदा लाल बटण दाखवून म्हणाली होतीस, हे दाबलं तर माझी बाई गेली. तू आंघोळीला गेलीस तेव्हा दाबलं. चौकट आली, नाव लिहायला सांगितलं. मला इंग्रजी अक्षरं धड ओळखता येत नाहीत. एकेक वर बघायचं, खाली शोधायचं. दोनदा चुकलं, पुन्हा पहिल्यापासून. पाव तास गेला. म्हणजे चुकून झालं असंही म्हणता येत नाही बघ मला. पाव तासात कधीही थांबता आलं असतं.

तुझ्या भल्यासाठी केलं असं लिहिणार होते. लिहून खोडलं, ते खोडलेलं दिसतंय तुला. खरं ते असं. मी तुझी भांडी घासली, तुझे केस धुतले, आणि माझ्याकडे न बघता तू एका झाडाकडे बघून हसलीस. माझं डोकं फिरलं. ते व्यायाम आहे हे तू सांगितलंही असशील. मी ऐकते कधी?

आणि दिवस मोजले. मागचं पत्र मी टाकलं तेव्हा तीन दिवस शिल्लक होते. त्यात मी तुला ओरडत बसले.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही.

ताई

ता. १९ मार्च

ताईस,

नमस्कार. त्याची माफी मागितली. तो म्हणाला, मला पहिल्या दिवसापासून संशय होता, पण तुझ्या बहिणीबद्दल तुला कसं सांगू? म्हणजे तोही तुझ्यासाठी बोलणी खात होता.

रडून पत्रं लिहू नकोस, मला चालणार नाही. सुनेकडून कॉम्प्युटर सुरू करून घे आणि त्याच खेळात ये. पहिली पातळी, नदी, मासे. रोज दहा, जास्त नाही. चिडून गळ फेकलास की मासा सुटतो. पाचव्या पातळीला जाळं धरता येईल, एवढंच बघ. त्याच्या पुढचं मी सांगेन.

मीही नवी सुरुवात केलीय. दगडी कुऱ्हाड. बारा दिवसांत काय होणार ते दिसतंच आहे.

धाकटी

ता. २ एप्रिल

चि. धाकटीस,

अ. उ. आ. परवा पाचवी पातळी झाली. सून म्हणते, सासूबाई, शिव्या दिल्या नसत्या तर आणखी लवकर झाली असती. जाळं हातात आलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. धुलाईघरात सांगायला गेले तर मुकादमीण विचारते, मासे कुठायत? मला तुझं सरपण आठवलं, मान वर झाली नाही.

तुझ्या नवऱ्याचा फोन आला. बारातले नऊ थर कापलेस आणि कात्री हातातून सुटली. साहेबाने कापायच्या टेबलावर दुसरी बसवली, तुला बटणं मोजायला घेतलं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाला. तू सगळ्यांना सांगितलंस, की हात अजून कच्चा आहे. माझं नाव घेतलं नाहीस.

हात कच्चा नव्हता. पाच महिने पिकत आला होता, मी मधेच उपटला. नऊ थर तुझे. राहिलेले तीन माझे आहेत, ते दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकू नकोस, तुझ्या हाताच्या तर नाहीच.

माफ केलं असं इतक्यात लिहू नकोस. तू लिहिशील आणि मी निवांत होईन, माझा स्वभाव तुला माहीत आहे. त्यापेक्षा जाळ्याच्या पुढे काय ते लिही. ओरडून लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

तुझी ताई