लाल दिव्यावरची काळी पट्टी

अहो,

जेवण झाकून ठेवलंय. तुमची लाडकी जर्मन गाडी पुलाच्या उतारावर वाफा सोडत उभी आहे. आईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनची वेळ हुकली. आता उद्या सकाळी बोलावलंय, म्हणून त्यांना घेऊन ताईंकडे जातेय. तिथून दवाखाना पायी गाठता येतो.

गॅरेजवाल्याला फोन केला होता. म्हणाला, "वहिनी, पाण्याचा पंप कामातून चाललाय हे साहेबांना मागेच सांगितलं होतं. पार्ट बाहेरून येतो, त्या पैशात तुमची जुनी गाडी परत आली असती." आणि मला तुम्ही काय सांगितलंत? गाडी ठणठणीत आहे, बिनघोर ने.

डॅशबोर्डवर काळी चिकटपट्टी दिसली. वाटलं, काच तडकली असेल. गाडी बंद पडल्यावर सोलून बघितली, तर खाली इंजिन तापल्याचा लाल दिवा.

सेकंडहँड का होईना, हत्ती दारात बांधायची हौस तुमची. पोसणं जमत नाही म्हणाला असतात, तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला? सरळ टॅक्सी केली असती.

ही चिठ्ठी फ्रिजला त्याच पट्टीने चिकटवली आहे. चांगली चिकटते.

आईंना पट्टीचं बोलले नाही. घरी येताना टॅक्सीत त्या सारखं एकच म्हणत होत्या, "त्याला लगेच सांगू नकोस गं, गाडी बिघडली म्हणून जीवाला लावून घेईल."