गोजरबाईंच्या बांधावरचा दगड

शेवगाव, ता. १२ जानेवारी २०२५

चि. अंबिकेस अ. उ. आ.

तुझ्या राजूरला मोबाईलची रेंज धड मिळत नाही, हे माझ्या पथ्यावरच पडलं. पत्र लिहायला निमित्त मिळतं.

आमच्या इतिहास बंधुमंडळाची मोठी पंचाईत झाली आहे. सभासद कानिफनाथ यांच्या बांधावर शेंदराने माखलेला दगड आहे. त्यांच्या आई गोजरबाई दर अमावास्येला त्याला देवी म्हणून तेल-शेंदूर लावतात. खाली अक्षरं असणार, या हौसेपायी त्या घोडेगावच्या बाजाराला गेल्या असताना आम्ही शेंदूर खरवडला. कानिफनाथच पुढे होते. निघाली गधेगाळ! दान दिलेली जमीन बळकावणाऱ्याला दगडात कोरलेली शिवी. गाढव आणि त्याच्याखाली बाई. याहून जास्त तुला काय लिहू?

मंडळाने शोधलेल्या प्रत्येक जुन्या दगडापाशी खरी माहिती आणि फोटो असलेला फलक लावायचा, हा नियम मीच केलेला. सव्वीस तारखेला अनावरण आहे. पण तुमची देवी म्हणजे शिवी आहे, हे गोजरबाईंना सांगू कसं? कानिफनाथ तर आईसमोर जायलाच कचरतात.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा दादा,
शामकांत

राजूर, ता. १७ जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

निवृत्त मास्तर तू, आणि म्हातारी बाजाराला गेल्याची संधी साधतोस! आधी हसू आलं, मग रागच आला. त्यांना विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? आता तरी तूच जा आणि सांग. चारचौघांत फलकावरून कळलं तर त्यांना फार लागेल.

तब्येतीला जप. माया आहे तशीच राहो.

तुझी,
अंबू

शेवगाव, ता. २१ जानेवारी

चि. अंबिकेस अ. उ. आ.

काल गेलो, कानिफनाथांनाही सोबत ओढलं. गोजरबाई बांधावरच होत्या. दगडावर त्यांनी जुनं लुगडं टाकलं होतं. मी चाचरत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मला ठावं हाय, गुरुजी. त्या नव्या नवरी होत्या तेव्हाच सासूने दाखवलं होतं. देवी-बिवी कोणी न्हाई. बाईमानूस उघडं पडलंय, येनारे-जानारे हसत्यात, म्हणून सासूने शेंदूर थापायला सुरुवात केली. देवी म्हटलं की कोणी हात लावत न्हाई, म्हणाल्या.

कानिफनाथ मान खाली घालून उभे होते. अंबू, मला फार लाज वाटली. शिलालेखाचं अक्षर न् अक्षर मी वाचलं होतं, पण त्यात कोरलेल्या बाईची कीव मला एकदाही आली नाही.

शेंदूर मीच पुन्हा लावला. फलकावर लेखाचा अर्थ राहील, फोटो नाही. मंडळात आरडाओरड चालू आहे, चालू दे. सासूबाईंचं नाव विचारलं, तर गोजरबाई लाजल्या. सासूचं नाव तोंडाने कधी घेतलं नव्हतं. मग हळूच म्हणाल्या, रतनबाई.

आमच्या अठ्ठावीस फलकांवर राजे आहेत, सरदार आहेत, पाटील आहेत. एकोणतिसाव्यावर दगड झाकणाऱ्या रतनबाईंचं नाव जाईल.

अशीच रागावत जा.

तुझा दादा,
शामकांत