बोरजाईवाडीचा हिरवा दिवा

४ ऑगस्ट १९९७
मशीन आलं! आमच्या सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजात ट्रंककॉलचं माझं टेबल होतं, बरोब्बर तिथेच बसवलं. खेड्यापाड्यांतली सगळी छोटी एक्स्चेंजं आता हेच बघणार. गावाला एक दिवा. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बिघाड, वर बझर. आमचे धरणेंद्र साहेब त्याला नव्या नवरीसारखं जपतायत.
त्याच टेबलावर हेडफोन लावून "सातारा, सातारा" ओरडत माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. संध्याकाळी घसा बसलेला असायचा. आज त्या गोंगाटाची फार आठवण आली.

६ ऑगस्ट
मशीनमध्ये नियम घालायला बसलो. साहेब सांगणार, मी टाइप करणार. बॅटरी उतरली तर काय, खोली तापली तर काय, फोन कुणाला जायचा. खेड्यात लाईट म्हणजे पाहुणी — दर वेळी बझर वाजला तर वेड लागेल! म्हणून ठरलं, दहा मिनिटांत सुरळीत झालं तर मशीनने गप्प बसायचं. नोंदसुद्धा नको.

७ ऑगस्ट
सकाळचे खुशालीचे फोन बंद. मशीन असताना कशाला, म्हणे. नाथाजींना मलाच सांगावं लागलं. पलूसच्या पलीकडे बोरजाईवाडीचं एक्स्चेंज ते एकटे सांभाळतात. इतकी वर्षं रोज सकाळी त्यांचा फोन — "समदं ठीक हाय, आक्का" — आणि मग त्यांच्या बायकोने, साळूबाईंनी, काय रांधलं ते! साळूबाईंचे डोळे गेलेत, पण घराचा कोपरान् कोपरा हाताला पाठ आहे. आता हे कोण सांगणार मला?

२२ ऑगस्ट
सकाळी आपोआप फोनकडे बघितलं. जित्याची खोड!

३ ऑक्टोबर
साहेबांनी दोन महिन्यांचा अहवाल काढला. सगळीकडे बिघाडच बिघाड, बोरजाईवाडी शून्य. वाटलं, आता नाथाजींची पाठ थोपटतील. कसलं काय! म्हणाले, "जिथं काही बिघडतच नाही, तिथं माणूस कशाला अडकवायचा?" जतला पाठवणार म्हणे, तिकडे माणसं कमी आहेत.
अहो, नाथाजी आहेत म्हणून बिघडत नाही! लाईट गेली की पाच मिनिटांत जनरेटर चालू. खोली तापायच्या आत खिडक्या उघड्या. मशीनपर्यंत काही पोचतच नाही. हे सगळं बोलले. साहेब म्हणाले, नोंद दाखवा. नोंद कुठून आणू? बोरजाईवाडीपुरता तरी दहा मिनिटांचा नियम बदलू म्हटलं, तर नियम वरून मंजूर झालेत. माणूस वाईट नाही, पण आज संताप आला.
जतच्या परक्या घरात साळूबाई काय करतील? भिंती चाचपत बसतील.

६ ऑक्टोबर
नाथाजींना फोन केला. सरळच सांगितलं — लाईट गेली की निवांत चहा घ्या, जनरेटरला हात लावू नका, लागू दे लाल दिवा. फोन बॅटरीवर चालतील, कुणाचं काही अडणार नाही. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "आक्का, लाईट गेली की हात आपसूक जातुया बगा. त्येला कसा धरून ठिऊ?"

१४ ऑक्टोबर
हिरवा.

२३ ऑक्टोबर
हिरवाच! मेलं ते इमान!

२५ ऑक्टोबर
उद्यापासून रजा, माहेरी साताऱ्याला. बदलीचा हुकूम अजून निघालेला नाही. तेवढाच धीर.

७ नोव्हेंबर
आज कामावर हजर. दुपारी बझर वाजला — बोरजाईवाडी लाल! ऐकलं एकदाचं! हसत हसत फोन लावला. नुसता वाजत राहिला. शेवटी शेजारच्या पिठाच्या गिरणीत लावला. गिरणीवाल्याने उचलला. "नाथाजी? त्ये परवाच गेलं न्हवं जतला. साळूमावशी दाराची चौकट सोडंना झाली हुती, बाई."
बझर ऐकून साहेब केबिनमधून आले. म्हणाले, बोरजाईवाडीला ताबडतोब माणूस पाठवायला हवा.